क्लच सेट बदलण्याआधी नेमके काय तपासून घ्यावे?

वाटसरू

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, पाच गिअरची मॅन्युअल हॅचबॅक आहे. गाडीचे ७०,००० किलोमीटर झाले असून क्लच कारखान्यातून आला तोच आहे. गेल्या दीड महिन्यापासून पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकताना त्रास होतो. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना गिअर बऱ्यापैकी पडतो, मात्र गर्दीच्या रस्त्यावर अर्धा तास गेला की रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो आणि पहिल्या गिअरसाठी दांडा दोनदा-तीनदा ढकलावा लागतो. एकदा गाडी धावू लागली की दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे गिअर कमी कटकटीने बदलतात. जळका वास कधी आला नाही.

गॅरेजमध्ये दाखवली असता मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलावा लागेल असे सांगितले. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागणार आहे. खर्च करायला माझी ना नाही, पण गाडी खालून न बघता आणि बॉनेट न उघडता निघालेल्या या निदानावर माझा विश्वास बसत नाही. घरच्या घरी, साध्या साधनांनी काही तपासता येते का? गाडीला क्लचची वायर नसून हायड्रॉलिक क्लच आहे, एवढे मला पुस्तिकेवरून समजले आहे.


तेलकट हात

वाटसरू, तुम्ही लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. "क्लच गेला" या दोन शब्दांत एकमेकांच्या अगदी उलट असलेल्या दोन तक्रारी कोंबल्या जातात. क्लच पकडत नाही ही एक, आणि क्लच सोडत नाही ही दुसरी. पहिलीत क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती) आणि तिला त्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये घसरते, म्हणजे इंजिन रेस होते पण गाडी उचलत नाही. दुसरीत पेडल पूर्ण दाबूनही प्लेट मोकळी होत नाही, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून ताकद आत नेणारा दंड, इंजिनबरोबर फिरत राहतो आणि म्हणून गिअर पडताना दात एकमेकांवर घासतात. तुमची तक्रार उघडच दुसऱ्या प्रकारची आहे. झिजलेली प्लेट मुख्यतः पहिल्या प्रकारची तक्रार देते, म्हणून गॅरेजचे निदान मलाही घाईचे वाटते.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवा आणि क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. बंद गाडीतही दांडा अडत असेल तर दोष गिअरच्या लिंकेजमध्ये, शिफ्टर केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या आत शोधावा लागेल. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू गाडीत अडत असतील, तर क्लच सुटत नाही हे जवळजवळ नक्की झाले.

दुसरी चाचणी इंजिन गरम झाल्यावर करा. न्यूट्रलमध्ये, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), क्लच पूर्ण दाबा आणि मनात दहापर्यंत मोजा. क्लच नीट सुटला असेल तर एवढ्या वेळात इनपुट शाफ्ट थांबलेला असतो. मग रिव्हर्स टाका. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (दात जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी यंत्रणा) नसतो, म्हणून तोच गिअर सर्वांत आधी चुगली करतो. दहा सेकंद थांबूनही करकर झाली, तर शाफ्टला कोणीतरी फिरवत आहे.

तिसरी चाचणी सर्वांत सोपी आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. गिअर अडला की पेडल भराभर तीन-चार वेळा दाबून सोडा आणि शेवटच्या वेळी दाबून धरून लगेच गिअर टाका. फरक पडला का, ते कळवा. आणि हो, हसू नका, पण पेडलमागे मॅट दुमडून बसली आहे का तेही बघा. एकावर एक दोन मॅट टाकलेल्या गाडीत पेडल शेवटची दोन बोटे खाली जात नव्हते आणि मालक क्लच सेटची मागणी नोंदवून आला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.


घाईत असलेला

इतके खोलात जाण्याची गरज आहे का? ७०,००० किलोमीटर म्हणजे प्लेटचे आयुष्य संपत आलेच. माझ्या गाडीचा क्लच फार वर पकडू लागला होता, ६५,००० ला सेट बदलला आणि विषय संपला. वाटसरू यांनी पेडल किती वर आल्यावर गाडी सरकू लागते ते पाहावे. वर पकडत असेल तर प्लेट गेली असे समजावे.


मापदंड

घाईत असलेला, तुमच्या गाडीला बहुधा वायरचा क्लच असावा. तुमचा नियम तिथे लागू पडतो, सगळीकडे नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

प्लेटचे अस्तर झिजले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे थोडी सरकते. तिच्यावरची डायफ्रॅम स्प्रिंग म्हणजे बशीच्या आकाराची, आतल्या बाजूला बोटे कापलेली पोलादी चकती असते, आणि ती बाहेरच्या कडेजवळ टेकून तरफेसारखी काम करते. प्रेशर प्लेट एका बाजूला सरकली की ती बोटे उलट बाजूला, म्हणजे पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात. वायरची लांबी ठरलेली असल्याने बोटे बाहेर आली की पेडलचा प्ले, म्हणजे विरोध लागण्याआधीचे मोकळे अंतर, कमी होत जातो आणि गाडी अधिकाधिक वर पकडू लागते. प्ले शून्य झाल्यावरही कोणी लक्ष दिले नाही, तर बेअरिंग बोटांवर कायम दाबलेले राहते, पकड ढिली पडते आणि प्लेट घसरायला लागते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये मात्र गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे बेअरिंग ढकलणाऱ्या सिलिंडरचा, पिस्टन तेवढाच मागे सरकतो, वरच्या टाकीत थोडे तेल परत जाते आणि पेडलची जागा फारशी बदलत नाही. म्हणून अशा गाडीत क्लच किती वर पकडतो यावरून प्लेटची झीज सांगणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे आहे. उलट हायड्रॉलिक क्लच पूर्वीपेक्षा खाली, जमिनीलगत पकडू लागला असेल, तर आधी तेलाच्या बाजूला संशय घ्यावा.

झीज ओळखण्याची दुसरी खूण पेडलच्या जडपणात असते. डायफ्रॅम स्प्रिंगचा दाब तिच्या स्थितीप्रमाणे बदलतो, आणि अस्तर झिजत जाते तसा तो सुरुवातीला चक्क वाढतो व शेवटच्या टप्प्यात कमी होतो. त्यामुळे वर्षानुवर्षे तीच गाडी चालवणाऱ्याला पेडल जड झाल्याचे कळत नाही, पण त्याच मॉडेलच्या नव्या गाडीत बसल्यावर लगेच जाणवते. ज्या क्लचमध्ये झीज आपोआप भरून काढणारी यंत्रणा आहे तिथे हीसुद्धा खूण चालत नाही.

किलोमीटरवरून निदान करण्याबद्दल एवढेच म्हणेन की मोकळ्या महामार्गावर दीड लाख किलोमीटर टिकलेल्या प्लेटा असतात आणि शिकाऊ चालकाच्या हातात काही महिन्यांत करपलेल्याही असतात. प्लेट किलोमीटरने झिजत नाही, घसरण्याने झिजते.


वाटसरू

सर्वांचे आभार. काल आणि आज मिळून सर्व चाचण्या केल्या. इंजिन बंद असताना पाचही गिअर आणि रिव्हर्स विनातक्रार पडतात. गरम इंजिनावर दहा सेकंद थांबूनही रिव्हर्सला करकर होते; इतकेच नव्हे, तर आश्चर्य म्हणजे लगेच टाकला तर कमी होते आणि थांबून टाकला तर जास्त होते. पेडल चार वेळा भराभर दाबून गिअर टाकला, तर तो एखाद्या नव्या गाडीसारखा पडतो! मॅट एकच आहे आणि ती जागेवर आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी पहिल्या वेळी लिहिली नाही कारण मला ती क्लचशी संबंधित वाटली नव्हती. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबलो, की दहा-पंधरा सेकंदांनी गाडी हलकेच पुढे रेटल्यासारखी होते आणि मला ब्रेक जास्त दाबावा लागतो. मी समजत होतो की आयडल वाढले आहे.

बॉनेट उघडून पाहिले. या गाडीत ब्रेक आणि क्लचसाठी तेलाची एकच टाकी आहे. तेल किमान खुणेच्या किंचित वर आहे आणि त्याचा रंग काळसर चहासारखा झाला आहे. खाली जमिनीवर किंवा गिअरबॉक्सच्या आजूबाजूला ओल दिसली नाही. मग दोष कुठे?


तेलकट हात

तुम्ही जी गोष्ट लिहायची राहिली म्हणता, तिनेच निदान केले आहे. क्लच दाबून धरल्यावर काही सेकंदांनी गाडी सरकू लागते, याचा अर्थ तुमचा पाय जागचा हललेला नसतानाही रिलीज बेअरिंग हळूहळू मागे येत आहे. दाबाखालचे तेल कुठेतरी निसटत आहे. प्लेट, प्रेशर प्लेट किंवा बेअरिंग यांच्या दोषाने असे वेळेबरोबर वाढत जाणारे लक्षण येत नाही. थांबून टाकल्यावर करकर जास्त का होते, याचेही उत्तर हेच आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला हा प्रकार झाला असता. नवा सेट बसवूनही गिअर तसाच अडला असता.

पेडलच्या वर मास्टर सिलिंडर असतो, तो पेडलच्या दाबाने तेल स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलतो. त्याच्या पिस्टनवर रबरी सील असतात. पुढचे सील झिजले की तेल त्याच्या कडेने मागे टाकीच्या बाजूला निसटते. बाहेर थेंबही पडत नाही, टाकीतले तेलही त्यामुळे कमी होत नाही, आणि म्हणून वरवर पाहणाऱ्याला काहीच सापडत नाही. पेडल भराभर दाबले की निसटण्यापेक्षा जास्त वेगाने तेल पुढे ढकलले जाते आणि क्लच तात्पुरता सुटतो. मागचे सील गेले असेल तर मात्र तेल पेडलच्या दांडीवरून थेट गाडीच्या आत उतरते. केबिन तापली, तेल पातळ झाले की सगळेच वाढते, म्हणून तुम्हाला सकाळी त्रास कमी होतो. नळीत हवा शिरली असेल तरीही पेडल दाबदाबून फरक पडतो, पण हवेने पेडल स्पंजासारखे लागते आणि दाबून धरल्यावर गाडी सावकाश सरकण्याची तक्रार सहसा येत नाही.

आता थोडी कसरत करा. पायाकडच्या जागेत पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. पेडलची दांडी जिथे फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीत) शिरते तिथे रबरी टोपी दिसेल. तिच्या खालच्या कडेला पांढरा टिश्यू पेपर दाबून बघा. तसेच गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलून आत ओल आहे का तेही पाहा. काही गाड्यांत हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. तुमची तशी असेल तर बाहेरून काही दिसणार नाही, मात्र गळती असल्यास इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्याखाली थेंब जमतात. हे तेल रंगाला खाते, त्यामुळे हात लागलेली जागा पाण्याने धुऊन टाका.

आणखी एक, कळकळीचे. टाकी सामाईक असली तरी क्लचकडे जाणारी नळी सहसा वरच्या बाजूला काढलेली असते, म्हणजे क्लचचे तेल संपले तरी ब्रेकसाठी साठा उरतो. त्या भरवशावर राहू नये. तेल किमान खुणेखाली गेले तर गाडी रस्त्यावर काढू नका.


सावकाश

चर्चा वाचून माझी उलट तक्रार मांडतो. माझी गाडी जुनी असून तिला क्लचची वायर आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा २,५०० वरून एकदम ३,५०० वर जातो आणि वेग जागचा हलत नाही. कधीकधी करपल्यासारखा वास येतो. महिन्यापूर्वी पेडल फार ढिले वाटते म्हणून एका मेकॅनिककडून वायर ताणून घेतली होती आणि तेव्हापासून हा त्रास वाढला, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? आणि चढावर गर्दीत थांबताना हँडब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरण्याची मला सवय आहे, तिने फरक पडतो का?


मापदंड

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होय असे आहे.

आधी वायर. पेडल हाताने दाबा. अगदी हलक्या बोटाने काही अंतर जाते आणि मग स्प्रिंगचा विरोध लागतो. ते सुरुवातीचे अंतर म्हणजे प्ले. वायरच्या अनेक गाड्यांत तो १० ते २० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, पण अचूक आकडा तुमच्या पुस्तिकेतलाच धरा. पट्टी पेडलजवळ उभी धरून मोजा, अंदाजाने नको. प्ले अजिबात नसेल, तर तुमचा पाय क्लचवर नसतानाही वायर थोडा क्लच दाबून ठेवते आहे असे समजा, आणि तो घसरणे क्रमप्राप्त आहे.

आता क्लचवर गाडी तोलण्याचा हिशेब मांडून दाखवतो, कारण "हाफ क्लच वाईट" असे सगळेच म्हणतात पण किती वाईट ते कोणी सांगत नाही. समजा गाडी ११०० किलोची आहे आणि रस्ता दर १० मीटरला १ मीटर चढतो. गाडीला मागे ओढणारे बल साधारण १,०७० न्यूटन होते. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली, तर तिला जागेवर रोखण्यासाठी चाकांवर सुमारे ३०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून गुणोत्तर १४ धरले, तर क्लचला सुमारे २१ न्यूटन-मीटर पुरवावे लागतात. इंजिन मिनिटाला १,००० फेरे फिरत आहे आणि शाफ्ट थांबलेला आहे. म्हणजे २१ ला सेकंदाच्या १०५ रेडियनने गुणले की २,२०० वॅट येतात. गाडी उभी असल्याने यातला एकही वॅट चाकाच्या कामी येत नाही, सगळा प्लेटच्या दोन तोंडांवर उष्णता होऊन बसतो. स्नानगृहातला २ किलोवॅटचा गिझर बंद डब्यात ठेवून चालू केल्यासारखे हे आहे. अर्धा मिनिट अशा सिग्नलवर, दिवसातून दहा वेळा, वास येणारच.

प्ले योग्य मापावर आणून मग रिकाम्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदाच पाहा. काटा आणि वेग बरोबरीने, सावकाश चढले पाहिजेत. काटा एकटाच उसळला तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका. प्रत्येक वेळी थोडे अस्तर जाळून तुम्ही तीच माहिती परत विकत घेता.


वाटसरू

टिश्यू पेपरवर तपकिरी, बुळबुळीत डाग आला. दांडीची रबरी टोपी ओली आहे आणि पेडलखालच्या कार्पेटचा एक तळहाताएवढा भाग गेले कित्येक दिवस ओलसर आहे. तो ओलावा ओल्या बुटांचा आहे असे आम्ही सगळे समजत होतो. स्लेव्ह सिलिंडर बाहेरच आहे आणि त्याची टोपी कोरडी आहे.

वेगळ्या गॅरेजमध्ये जाऊन सगळे दाखवले आणि मास्टर सिलिंडर बदलून घेतला. नुसते सीलचे किट घालावे की पूर्ण सिलिंडर, असा प्रश्न होता. मेकॅनिकने जुना सिलिंडर उघडून त्याच्या आतल्या भिंतीवरून मला बोट फिरवायला सांगितले. एका जागी नखाला खड्डा लागत होता. जुन्या तेलाने ओलावा शोषला आणि आत गंज धरला, असे त्याचे म्हणणे पडले. अशा भिंतीवर नवे सीलही काही महिन्यांत कापले गेले असते, म्हणून पूर्ण सिलिंडर घेतला. झाकणावर डॉट ४ (ब्रेक तेलाची प्रत) लिहिले होते, तेच तेल नव्या सीलबंद डब्यातून भरले.

हवा काढण्याचे काम मात्र पाहण्यासारखे होते. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलवर, म्हणजे हवा काढण्याच्या तोटीवर, पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक तेलाच्या बाटलीत बुडवले. मी आत बसून पेडल दाबून धरायचे, त्याने निपल उघडायचे, पेडल खाली जाताना नळीतून बुडबुडे यायचे, त्याने निपल बंद केल्यावरच मी पेडल सोडायचे. पहिल्या काही वेळा पेडल जमिनीलाच चिकटून राहिले आणि मला ते हाताने वर ओढावे लागले. मी घाबरलो, पण ते अपेक्षितच आहे असे त्याने सांगितले. मध्येमध्ये टाकीत तेल भरत राहावे लागले. बुडबुडे थांबले तसा पेडलला जीव आला.

आज तीन दिवस झाले. रिव्हर्स दोन बोटांनी पडतो आणि सिग्नलला गाडी जागची हलत नाही. क्लच सेट जुनाच आहे.


तेलकट हात

छान झाले. एक सूचना करून ठेवतो. स्लेव्ह सिलिंडर तितकाच जुना आहे आणि आता त्याला पुन्हा पूर्ण दाब मिळू लागला आहे. नव्या मास्टरमागोमाग जुना स्लेव्ह गळू लागण्याचा अनुभव माझ्यासह अनेकांना आहे, तेव्हा पुढचे काही महिने दर पंधरवड्याला त्याची रबरी टोपी उचलून बघत जा. ओले कार्पेट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा.

सावकाश, तुमचे काय झाले?


सावकाश

प्ले शून्य होता. पुस्तिकेत १५ मिलिमीटर सांगितला होता, तेवढा केला. घसरणे निम्म्याने कमी झाले पण गेले नाही. वास मात्र आता गाडीत बसल्याबसल्या येतो. म्हणजे गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही असे दिसते. उतरवताना मी समोर उभा राहणार आहे. कशाकशाकडे बघू?


तेलकट हात

महिनाभर घसरलेल्या प्लेटचे तोंड काचेसारखे गुळगुळीत होते, आणि मग प्ले सुधारूनही पकड परत येत नाही. तुमचे तेच झालेले असावे. उतरवणार असालच, तर पुढे लिहितो ते डोळ्यांखाली घाला.

गिअरबॉक्स बाजूला झाल्याबरोबर, काहीही पुसण्याआधी, आत टॉर्च मारून तेल शोधा. प्लेटवर तेल असेल आणि ते कुठून आले हे न शोधता नवी प्लेट बसवली, तर तीही तशीच जाईल. फ्लायव्हीलच्या मागून खाली ओघळलेले तेल क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून आलेले इंजिन ऑइल असते. इनपुट शाफ्टच्या बाजूला असेल आणि त्याला गिअर ऑइलचा तो उग्र, नाकात बसणारा वास असेल, तर शाफ्टचे सील गेले आहे. दोन्ही सील या कामाच्या तुलनेत किरकोळ आहेत आणि पुन्हा हात पोहोचायला हाच सगळा खटाटोप परत करावा लागतो, म्हणून जरा जरी ओल दिसली तरी ते बदलून घ्या. आतली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि नव्यांची धूळही फुप्फुसासाठी चांगली नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन काढावी.

प्लेटवर अस्तर रिव्हेटने बसवलेले असते. रिव्हेटचे डोके अस्तराच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे ते व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजता येते. काही सर्व्हिस पुस्तिकांत ०.३ मिलिमीटर ही किमान मर्यादा दिलेली असते. रिव्हेट वर आले असतील तर फ्लायव्हीलवर गोल चरे पडलेले दिसतील. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगा आहेत का पाहा. ते अतिउष्णतेचे व्रण असतात आणि नवी प्लेट त्यांच्यावर बसली की गाडी उचलताना थरथरते. साधे, एकसंध फ्लायव्हील लेथवर साफ करून घेता येते. दोन भागांचे, आत स्प्रिंग असलेले ड्युअल मास फ्लायव्हील मात्र लेथवर नेऊ नका. त्याचा आतला ढिलेपणा निर्मात्याच्या मर्यादेत आहे का ते तपासावे आणि नसल्यास बदलावे.

रिलीज बेअरिंग हातात घेऊन फिरवा, खरखर लागली किंवा नाही लागली तरी नवेच बसवा. बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या टेकूचा गोळा आणि फोर्कचे टोक झिजले आहे का तेवढे मात्र आवर्जून पाहा, कारण ते कोणी पाहत नाही.


मापदंड

बसवणीविषयी दोन ओळी मी जोडतो. प्लेटच्या एका तोंडावर ती फ्लायव्हीलकडे असावी अशी खूण असते. उलटी बसली तर क्लच सुटत नाही आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून, शेवटी टॉर्क पान्याने आवळावेत. त्याआधी प्लेट मध्यावर आणण्यासाठी अलाइनमेंटची दांडी वापरावी. आणि ज्यावर माझा सर्वांत जास्त कटाक्ष असतो ते म्हणजे, गिअरबॉक्स चढवताना तो अर्धवट अडकला असता त्याचे वजन क्षणभरही शाफ्टवर लोंबकळू देऊ नये. प्लेटचा मधला भाग त्या वजनाने वाकतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि मग नवा क्लच पहिल्या दिवसापासून सुटत नाही. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसट लावावे. जास्त लावलेले ग्रीस फिरताना उडून थेट नव्या अस्तरावर जाते.


सावकाश

काम काल पूर्ण झाले. प्लेटवर फ्लायव्हीलच्या बाजूचे अस्तर रिव्हेटच्या डोक्याबरोबर आले होते, मोजायला खोली उरलीच नव्हती. दुसऱ्या बाजूला मात्र ०.६ मिलिमीटर शिल्लक होते. तोंड आरशासारखे चकाकत होते आणि मध्ये काळपट पट्टा होता. क्रँकशाफ्टच्या सीलखाली ओल होती, प्लेटपर्यंत पोहोचली नव्हती, सील बदलले. फ्लायव्हीलवर निळे डाग होते, ते लेथवर साफ करून घेतले. वायरही नवी टाकली, कारण जुनीचे दोन पदर पेडलकडच्या टोकाला तुटून पिसारल्यासारखे झाले होते.

पेडल इतके हलके झाले आहे की पहिल्या चौकात गाडी दोनदा बंद पडली. एक शंका राहिली आहे. न्यूट्रलमध्ये, पाय काढलेला असताना, बारीक घरघर ऐकू येते आणि क्लच दाबला की ती थांबते. नवे बेअरिंग खराब निघाले का?


तेलकट हात

रिलीज बेअरिंगचा आवाज साधारणतः पेडल दाबल्यावर सुरू होतो, कारण तेव्हाच त्याच्यावर भार येतो. पेडल दाबल्यावर थांबणारा आवाज बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. क्लच दाबला की शाफ्ट थांबतो आणि आवाजही थांबतो. तो आधीपासूनच असेल आणि घसरण्याच्या काळजीत तुमच्या कानावर आला नसेल. गिअर ऑइलची पातळी आज तपासून घ्या, गिअरबॉक्स उतरवताना ते काढले गेले असणार. पातळी बरोबर असेल आणि आवाज वाढत नसेल तर तूर्त चालवा. नवी वायर जागेवर बसताना थोडी ढिली पडते, म्हणून ३०० किलोमीटरनंतर पट्टी घेऊन प्ले पुन्हा मोजा आणि १५ मिलिमीटरवर आणा.